विचारा की! डोळ्यात जाणारा लेझर अन् किलोमीटरभर काचेची तार

मागच्या अंकात शुगर आणि डोळ्यांवर लेख होता, त्यात ‘ओसीटी’ (उजेड सोडून डोळ्याच्या आतल्या थरांचा फोटो काढायची तपासणी) हा शब्द एकदाच, तोही जाता जाता आला, अन् त्या एका शब्दावर इतकी पत्रं आली की संपादकांनी सगळा गठ्ठा माझ्याकडे सरकवला, म्हणाले आयुष्यभर फायबर जोडलं ना तुम्ही, आता हे निस्तरा. खरं सांगतो, मी डॉक्टर नाही. टेलिफोनच्या फायबरचं, म्हणजे उजेड वाहून नेणाऱ्या काचेच्या तारेचं, स्प्लायसिंग म्हणजे जोडकाम करत करत शेवटची काही वर्षं एका कॉलेजच्या लॅबमध्ये काढली, तेवढाच आपला अधिकार. तेव्हा औषधपाण्याचं तुमच्या डॉक्टरला विचारा, उजेडाचं मला.

प्रश्न: मला बारा वर्षांपासून शुगर आहे. डाव्या डोळ्याने पेपर वाचताना ओळी वाकड्या दिसून राहिल्या म्हणून धंतोलीत दाखवलं, तिथं ओसीटी काढली, मशीन जुनी आहे असं डॉक्टर स्वतःच म्हणाले, रिपोर्टवर २६८ आलं. मग पोराने रामदासपेठेत दुसरीकडे नेलं, तिथं म्हणे आमची स्वेप्ट सोर्सची मशीन, लेझरवाली, तिच्यावर ३२५ आलं. पंधरा दिवसांत सूज एवढी वाढली का? अन् लेझर डोळ्यात मारल्याने काही होत तर नाही ना, माझ्या जावेला मारला होता तेव्हा तिला दुखलं होतं. – एक काकू, महाल

उत्तर: काकू, आधी भीतीचं बघू. जावेला मारला तो उपचाराचा लेझर, तो पडद्यावर बारीक बारीक डाग भाजतो आणि भाजावं म्हणूनच मारतात. ओसीटीतला लेझर नुसता बघायचा. डोळ्यात जाणारी ताकद एक-दोन मिलिवॉटच्या घरातली, तीही एका जागी थांबत नाही, सारखी सरकत राहते. आणि या नव्या स्वेप्ट मशीनचा, म्हणजे उजेडाचा रंग सतत फिरवत नेणाऱ्या लेझरच्या मशीनचा, उजेड १,०५० नॅनोमीटरच्या आसपासचा असतो, आपल्याला दिसतच नाही. ८४० च्या आसपास उजेड वापरणाऱ्या मशीनमध्ये एक फिकट लाल रेघ सरकताना दिसते, माणूस नको म्हटलं तरी तिच्यामागे डोळा फिरवतो अन् फोटो बिघडतो. स्वेप्टमध्ये ती भानगड नाही, समोरच्या फुलीकडे बघायचं बस.

आता २६८ आणि ३२५. हे आकडे मायक्रॉनमध्ये आहेत, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, अन् ती पडद्याच्या मधोमधची जाडी आहे. गंमत अशी की जाडी कुठून कुठपर्यंत मोजायची हे प्रत्येक मशीनचं सॉफ्टवेअर आपापलं ठरवतं. वरची कड सगळ्यांची सारखी, पण खालची कड जुन्या मशीन जरा अलीकडेच धरायच्या कारण त्यांना त्याखालचा थर वेगळा दिसतच नव्हता, नव्या मशीन आणखी खाली जाऊन धरतात. त्यामुळे एकाच डोळ्याचा, एकाच दिवशीचा आकडासुद्धा दोन मशीनवर पन्नासेक मायक्रॉनने वेगळा येऊ शकतो. किराणा दुकानातला काटा आणि भंगारवाल्याचा काटा. म्हणून ३२५ मधून २६८ वजा करून रडत बसू नका, दोन्ही रिपोर्ट डॉक्टरसमोर ठेवा आणि यापुढे दरवेळी एकाच मशीनवर काढा, मग ती कोणतीही असो. पण ओळी वाकड्या दिसतात म्हणता, त्यात टाळाटाळ करू नका हं, ते लवकर दाखवायचं लक्षण आहे.

स्वेप्टवालीच हवी का, असं पोराने वेगळं लिहिलंय. माझं मत विचाराल तर शुगरची सूज बघायला आणि इंजेक्शननंतर ती उतरली का हे बघायला मधल्या पिढीची साधी मशीन (वरची ८४० च्या उजेडाची) पुरते. स्वेप्टचा खरा फायदा पडद्याच्या मागचा रक्तवाहिन्यांचा थर बघायचा असेल, मोतीबिंदू बऱ्यापैकी पिकलेला असेल (लांब वेव्हलेंथचा उजेड धुरकट भिंगातून कमी विखुरतो), किंवा एकाच फोटोत मोठा भाग हवा असेल तर. नुसतं ‘लेझरवाली’ ऐकून जास्त पैसे द्यायची गरज नाही.

आता हे चालतं कसं, कारण पोराने तेही विचारलंय आणि मला तेच सांगायला आवडतं. आम्ही केबलवाले तुटलेली तार शोधायला ओटीडीआर नावाचा डबा लावायचो. एका टोकातून उजेडाचा ठोका सोडायचा, जिथं तुटलंय तिथून तो परत येतो, किती वेळाने आला त्यावरून कळतं की बुटीबोरीच्या अलीकडे इतक्या मीटरवर खड्डा खणा. डोळ्यातही हेच करायचंय, पण मीटरमध्ये नाही, मायक्रॉनमध्ये. दहा मायक्रॉन जायला उजेडाला लागणारा वेळ म्हणजे सेकंदाचे तीस लाख कोटी भाग करा अन् त्यातला एक घ्या. तेवढं बारीक घड्याळ कोणत्याच सर्किटमध्ये नाही. मग काय करायचं, घड्याळ सोडून द्यायचं, उजेडाला उजेडाशीच ताडून बघायचं. एका उजेडाचे दोन भाग करायचे, एक आरशावर, एक डोळ्यात, परत आले की एकत्र मिसळायचे, दोघांनी सारखंच अंतर कापलं असेल तर लहरी जुळतात आणि खूण मिळते. आरसा मागेपुढे करत गेलं की एकेक थर सापडत जातो. ही युक्ती १९८० च्या दशकात आमच्याच धंद्यातल्या लोकांनी फायबरच्या छोट्या छोट्या पार्टमधले दोष शोधायला वापरली होती. १९९१ साली अमेरिकेत एमआयटीच्या जेम्स फुजिमोटोंच्या गटाने, डेव्हिड हुआंग हे त्यातलं पहिलं नाव, तीच घेऊन डोळ्याच्या पडद्याचा आणि हृदयाच्या धमनीचा आडवा छेद ‘सायन्स’ या नियतकालिकात छापला, आणि ओसीटी हे नाव तिथून आलं. त्या गटातला एरिक स्वॉन्सन हा मूळचा उपग्रहांमधल्या उजेडाच्या दळणवळणावर काम करणारा. म्हणजे डोळ्याची मशीन ही अर्धी टेलिफोनवाल्यांची पोर आहे, हे मी डोळ्याच्या डॉक्टरांना भेटलो की मुद्दाम ऐकवतो.

त्या आरसा हलवणाऱ्या मशीन सेकंदाला चारेकशे रेघा काढायच्या, एक रेघ म्हणजे एका जागी वरपासून खालपर्यंतचे थर. एका फोटोत ५१२ रेघा धरल्या तर सव्वा सेकंद. सव्वा सेकंद डोळा स्थिर ठेवून बघा जरा, आपल्याला वाटतं स्थिर आहे, तो असतो थरथरत. मग फोटोत पडदा लाटेसारखा वाकडा. आताची स्वेप्ट मशीन सेकंदाला लाखभर रेघा काढते, हजार रेघांचा फोटो सेकंदाच्या शंभराव्या भागात, डोळ्याला हलायला सवडच नाही. लोकांना वाटतं हा स्पीड पेशंट लवकर बाहेर काढायसाठी आहे. तसं नाही, फोटो सरळ येतो तो त्यामुळे, आणि एकाच जागेचे पाठोपाठ फोटो घेऊन कुठं काय हललं ते बघितलं की डाय न टोचता रक्ताच्या नसासुद्धा दिसतात, कारण पडद्यात हलणारी गोष्ट म्हणजे नसांतलं रक्तच.

प्रश्न: माझा मुलगा सात वर्षांचा आहे, ओसीटीच्या आधी डोळ्यात ड्रॉप टाकून बाहुली मोठी करावीच लागते का, तो फार रडतो. – एक आई, मानेवाडा

उत्तर: पुष्कळदा लागत नाही, मशीन लहान बाहुलीतूनही काढते. पण डॉक्टरला पडदा स्वतः डोळ्याने तपासायचा असेल तर ड्रॉप टाकतीलच, तो वेगळा विषय. पोराला आदल्या दिवशी घरी हनुवटी टेकवून एका ठिपक्याकडे बघायचा खेळ खेळवा, निम्मं काम होतं.

प्रश्न: बाबांची अँजिओप्लास्टी ठरली आहे. कार्डिओलॉजिस्ट म्हणाले स्टेंट टाकताना आतून ओसीटी करू, खर्च वाढेल. आम्ही तर समजत होतो ओसीटी डोळ्याची असते. हार्टमध्ये काहून लागते? – वाचक, प्रतापनगर

उत्तर: भाऊ, वर लिहिलंय बघा, पहिल्याच पेपरात धमनीसुद्धा होती. साध्या अँजिओग्राफीत नसेची फक्त सावली दिसते, आतून किती अरुंद झालीय एवढंच. नसेची भिंत कशी आहे, आत चुना साचलाय का, चरबीचा गोळा आहे का, स्टेंट भिंतीला नीट चिकटला का अधांतरी राहिला, हे सावलीत कळत नाही. ओसीटीची कॅथेटर मिलिमीटरपेक्षा बारीक, तिच्यात एकच फायबर, टोकाला आडवा उजेड फेकणारं भिंग, ती गरागरा फिरते आणि फिरता फिरता मागे ओढली जाते. १० ते २० मायक्रॉनपर्यंतचं बारीक दिसतं. आतून सोनोग्राफी करायचीही पद्धत आहे, ती खोलवर बघते पण तिला साधारण १०० मायक्रॉनच्या खालचं बारीक दिसत नाही, आणि इथं फरक पडतो कारण चरबीच्या गोळ्यावरचं जे झाकण फुटायच्या बेतात असतं त्याची जाडी डॉक्टर लोक ६५ मायक्रॉनपेक्षा कमी अशी धरतात. उलट ओसीटी भिंतीत एक-दोन मिलिमीटरच शिरते, मोठ्या नसेत सोनोग्राफीच बरी पडते.

आणि हे डोळ्याच्या मशीनने करता येत नाही, उजेड वेगळा लागतो. नसेच्या भिंतीसाठी १,३०० नॅनोमीटरच्या आसपासचा घेतात, तो मांसात कमी विखुरतो म्हणून आत जातो. तोच डोळ्याच्या पडद्यासाठी घेतला तर डोळ्यातलं पाणीच तो पिऊन टाकतं, पडद्यापर्यंत पोचतच नाही पुरेसा.

स्पीडचं महत्त्व तर इथं डोळ्याहून जास्त. रक्तातून उजेड जात नाही, दुधातून बॅटरी मारल्यासारखं होतं. म्हणून दोन-तीन सेकंद नसेत कॉन्ट्रास्ट (अँजिओग्राफीत टोचतात ते औषध) सोडून रक्त बाजूला सारतात आणि तेवढ्यात पाच-साडेपाच सेंटिमीटर नस ओढत ओढत बघून घेतात. जुन्या संथ मशीन होत्या तेव्हा फुगा फुगवून रक्त थांबवावं लागायचं. रंग फिरवणारा लेझर आल्यावर ते सुटलं. तुम्ही डॉक्टरला एवढंच विचारा की बाबांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) किती आहे आणि या तपासणीने कॉन्ट्रास्ट किती वाढेल, किडनीचा त्रास असेल तर हे आधी बोललेलं बरं.

प्रश्न: सर, मी इंजिनियरिंगच्या फायनल इयरला आहे, प्रोजेक्टला स्वेप्ट लेझर फायबरमध्येच बनवायचा विचार आहे. एका पेपरात लेझरच्या आत किलोमीटरभर फायबर टाकलेली दिसली, ती नेमकी कशाला? गाइड म्हणतात भलत्या फंदात पडू नको. – विद्यार्थी, अंबाझरी रोड

उत्तर: मित्रा, गाइडचं अर्धं ऐक.

आधी रंग फिरवायचा कशाला ते. आरसा हलवायच्या ऐवजी आरसा जागेवर ठेवला आणि उजेडाचा रंग बदलत नेला, म्हणजे वेव्हलेंथ, तर परत मिसळलेला उजेड कमी-जास्त होत राहतो. वरच्या थराकडून आलेला हळू कमी-जास्त होतो, खालच्या थराकडून आलेला भराभर. सगळे थर एकदमच बोलतात, पण भजनात टाळ, मृदंग अन् पेटी एकदम वाजली तरी आपला कान वेगळी करतोच की, ते काम इथं फूरियर ट्रान्सफॉर्म नावाचं गणित करतं. एका रंगफेऱ्यात पूर्ण खोलीची एक रेघ. सेकंदाला जेवढे फेरे तेवढ्या रेघा, म्हणून सगळी मारामारी फेऱ्याच्या स्पीडची.

आता लेझर. फायबरची रिंग कर, तिच्यात उजेड वाढवायला सेमीकंडक्टर ऑप्टिकल अॅम्प्लिफायर, एकाच दिशेने फिरावा म्हणून आयसोलेटर, बाहेर काढायला कपलर, आणि एका क्षणी एकच रंग सोडणारा ट्यून होणारा फिल्टर. फिल्टर हलव, रंग हलला. सोपं. पण फिल्टर नव्या रंगावर गेला की त्या रंगाचा उजेड रिंगमध्ये शून्यातून वाढावा लागतो, बऱ्याच फेऱ्या मारून. फिल्टर घाईने पळवला तर उजेड वाढायच्या आतच रंग पुढे गेलेला, पॉवर पडते, रंगही तेवढा नेमका राहत नाही. बोस्टनच्या एका गटाने २००३ मध्ये फिरत्या पैलूदार आरशाच्या फिल्टरने सेकंदाला १५,७०० फेरे गाठले, तेव्हा ते फार मोठं होतं, पण ही भिंत समोर होतीच.

२००६ मध्ये रॉबर्ट हुबर, माचेय वोयत्कोव्स्की आणि फुजिमोटो यांनी ती भिंत तोडली, तीही उलट्या डोक्याने. सगळे जण रिंग छोटी करायच्या मागे होते, यांनी लांबच्या लांब केली. समज रेल्वेचं फाटक आहे, ते आत्ता लाल गाडीला उघडतं, क्षणाने नारिंगीला, मग पिवळ्याला, आणि पूर्ण फेरा झाला की परत लालला. गाड्या गोल ट्रॅकवर फिरून येतात. ट्रॅक बरोबर एवढा लांब ठेवला की लाल गाडी फिरून येते तेव्हाच फाटक पुन्हा लालला उघडलेलं असतं, तर कोणालाच थांबावं लागत नाही. सगळे रंग एकाच वेळी ट्रॅकवर, आपापल्या जागी. कोणताही रंग शून्यातून वाढवायचा नाही. याला फूरियर डोमेन मोड लॉकिंग म्हणतात, आणि पहिल्याच पेपरात १०५ नॅनोमीटरची रेंज आणि २ लाख ९० हजार फेरे होते. नंतर लोक दशलक्षांत गेले.

तुझी किलोमीटरभर फायबर इथं येते. काचेत उजेड सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एक किलोमीटरच्या रिंगला पाच मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाला दोन लाख फेरे. फिल्टरला ५० हजारच झेपत असतील तर चार किलोमीटर घाल. फायबर तिथं नुसती उजेडाला वाट बघायला लावते. आम्ही अख्खी नोकरी लांब तारेतला उशीर कमी कसा होईल यात घालवली अन् या लोकांनी मुद्दाम उशीर विकत घेतला, मला हे वाचून खूप हसू आलं होतं.

पण दोन अडचणी आहेत. पहिली, सगळे रंग काचेत सारख्याच वेगाने जात नाहीत, लांब तारेत पुढेमागे होतात आणि फाटक चुकतं. साध्या टेलिफोनच्या फायबरमध्ये हा फरक १,३१० नॅनोमीटरच्या आसपास जवळजवळ शून्य असतो, म्हणून हे लेझर तिथं सगळ्यात खुशीत चालतात, आणि डोळ्याच्या १,०५०-६० ला वेगळी दुरुस्ती करावी लागते. दुसरी, उन्हाळा. एक किलोमीटर फायबर एक डिग्री तापली की उशीर ४० पिकोसेकंदांच्या आसपास बदलतो. दोन लाखाच्या फेऱ्यात ते दीडेक हर्ट्झ (सेकंदाला दीडेक फेऱ्याचा फरक) होतं, आणि इथं तर हर्ट्झच्याही खाली ट्यूनिंग लागतं. आपल्या नागपुरात मे महिन्यात दुपारी लॅबमध्ये काय होतं तुला माहीत आहे. आमच्या लॅबला एसी नव्हता, कूलर होता, मी तो फायबर गुंडाळलेल्या ड्रमवर वारा लागेल असा लावला, तापमान उतरलं आणि मी खूश, पण कूलरचं शटर झुलायचं तसतशी स्क्रीनवरची रेघ झुलायची, अख्खा आठवडा मी इलेक्ट्रॉनिक्सला शिव्या दिल्या. शेवटी ड्रम थर्माकोलच्या खोक्यात बंद केला. आइस्क्रीमवाल्याकडून आणलेला होता, अजूनही असेल तिथं.

तर प्रोजेक्टचं असं कर. लांब रिंगच्या नादी लागू नकोस, छोट्या रिंगने हळू फिरणारा लेझर बनव, शंभर-दोनशे फेरे झाले तरी चालतील. उजेड वाढवायला एर्बियमची फायबर स्वस्तात मिळते म्हणून ती घ्यायचा मोह होईल, पण तिच्यातली ऊर्जेची साठवण मिलिसेकंदांची असते, रंग भराभर फिरवला की ती ठिणग्या मारल्यासारखी उसळते, सेमीकंडक्टरवाला अॅम्प्लिफायर नॅनोसेकंदात सावरतो, तोच घे. १,३१० ला १०० नॅनोमीटर फिरवलास तर हवेत साडेसात मायक्रॉनच्या आसपास बारकावा मिळेल, आणि त्या शंभरात हजार जागी मोजलंस तर चार मिलिमीटर खोलपर्यंत दिसेल. दोन लाख फेऱ्यांना हेच हजार मोजायचे झाले तर सेकंदाला वीस कोटी नोंदी, प्रत्यक्षात त्याहून जास्त कारण फिल्टर झोक्यासारखा पुढेमागे जातो आणि मधलीच चाल कामाची असते. तेवढ्या स्पीडचं कार्ड कॉलेज देणार नाही, म्हणूनही हळू कर. अन् एक गोष्ट, दवाखान्यातल्या बऱ्याच स्वेप्ट मशीनमध्ये आता फायबरच्या रिंगचा लेझर नसतोच, चिपवरचा हलता आरसा असलेला इवलासा लेझर असतो. व्हायवाला कोणीतरी हे विचारेलच, तेव्हा तयार राहा.

नमुना म्हणून पहिल्यांदा चिकटपट्टीचा रोल ठेव, थर मोजता येतात, चूक कळते. मग संत्र्याची फोड ठेव, पेशींच्या भिंती दिसल्या की गाइड पण खुर्ची ओढून बसतील. आणि प्रत्येक कनेक्टर लावायच्या आधी पुसून घे, बोट लागलेलं टोक तसंच घुसवायचं नाही, माझा एक अॅम्प्लिफायर त्याच्यापायी गेला अन् पगारातून कापला.